काशीच्या चौसष्ट चकत्या

काशीच्या मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया आहेत. एकीवर सोन्याच्या ६४ चकत्या, खाली सर्वांत मोठी, वर सर्वांत लहान. पुजारी रात्रंदिवस त्या दुसऱ्या सुईवर नेत आहेत. एका वेळी एकच चकती उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. सगळ्या हलवून झाल्या की जग संपणार!

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मग जग संपायला अजून किती वेळ आहे? चला, हिशेब करू.

आधी ताटल्या घ्या

लहान-मोठ्या तीन ताटल्या घ्या, टेबलावर तीन जागा ठरवा. एका ताटलीला १ चाल लागते, दोनांना ३, तिनांना ७. कारण सोपं आहे. सर्वांत खालची ताटली हलवायची तर वरच्या सगळ्या आधी बाजूला न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणजे आधीच्या चालींची दुप्पट, अधिक एक.

सेकंदाला एक चाल धरली, तर १० चकत्यांना १,०२३ चाली, म्हणजे १७ मिनिटं. २० चकत्यांना १२ दिवस. ३० चकत्यांना ३४ वर्षं! आणि ६४ चकत्यांना?

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली.

म्हणजे सुमारे ५८ हजार कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. तेव्हा निश्चिंत राहा.

या संख्येच्या पोटात काय आहे?

शेवटी ५ आहे, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नेही जातो. पूर्ण अवयव असे:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सातही मूळ संख्या, एकही दोनदा नाही. त्यातल्या ६४१ चा मान मोठा. ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या असावी, असं फर्मा या गणितज्ञाला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं.

आणि ते मंदिर?

विश्वनाथाच्या मंदिरात अशा सुया नाहीत. आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधवलं. चकत्यांची गोष्ट त्यानंतर शंभर वर्षांनी फ्रान्समध्ये जन्मली. १८८३ मध्ये एदुआर ल्युका या गणितज्ञाने ‘हनोईचा मनोरा’ हे खेळणं बाजारात आणलं. पुढच्या वर्षी आंरी द पार्विल या लेखकाने काशीच्या मंदिराची ही गोष्ट आणखी रंगवली. सोनं कल्पनेतलं, हिशेब मात्र खरा.

गोष्टी कशा पसरतात, तेही हीच दुप्पट सांगते. तुम्ही एक निरोप दोघांना पाठवलात आणि प्रत्येकाने तो आणखी दोन नव्या माणसांना पाठवला, तर तुम्हाला धरून ३३ व्या पायरीवर सुमारे ८५९ कोटी माणसं होतात, जगाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त! म्हणून ‘प्राचीन कथा’ म्हणून काही पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा.

तोवर चार ताटल्या १५ चालींत हलवून दाखवा. घरात आधी कोणाला जमतं ते बघा!