हात कसा लावायचा, तेही शिकवा



नागपूरच्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटले की आपल्या जिल्ह्यातला कॅन्सरचा रुग्ण गोळ्यांची पिशवी घेऊन गावी परततो आणि बहुतेक घरांत त्याच दिवसापासून त्याला कोणी हात लावेनासे होते. ताट-पेला वेगळा, खाट पडवीत. जवळ गेले तर लागेल, अंग चोळले तर पसरेल, ही भीती. परिचारिका म्हणून नोकरी करताना ‘बाबाले हात लावला तं चालन का जी?’ हा प्रश्न मला लेकी-सुनांनी हळूच, बाजूला घेऊन विचारला आहे. चालते. कॅन्सर स्पर्शाने लागत नाही आणि हलक्या हाताने तेल लावल्याने तो पसरतो याला पुरावा नाही. हे सांगणे आणि हात कसा लावायचा ते शिकवणे आरोग्य खात्याचे काम आहे. ते व्हावे म्हणून हे पत्र.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण किती केले, हे भंडारा, तुमसर, लाखांदूर कुठेही बघा. जबड्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला धड बोलता येत नाही, गिळता येत नाही, नाकात नळी असते. चेहऱ्याकडे बघणे लोक टाळतात. त्याच्याशी बोलायला उरतात ते हात आणि पाय. आधी आपले हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात. तिळाचे किंवा खोबरेल तेल तळहातावर कोमट करून मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत सावकाश हात फिरवावा. जोर बाळाला तेल लावताना लावतो तेवढाच. दहा मिनिटे पुरतात. आवळलेली मूठ सैल होते, श्वास लांबतो, कधी डोळा लागतो. ज्याचे दुखणे बरे होणार नाही त्याच्यासाठी ही झोप मोठी गोष्ट आहे.

हे नुसते माझे मत नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाने 1,290 रुग्णांच्या नोंदी 2004 साली प्रसिद्ध केल्या. मालिशनंतर वेदना, थकवा, मळमळ, घालमेल यांची तीव्रता जवळपास निम्म्यावर आली होती. तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 2008 साली अमेरिकेतच बळावलेल्या कॅन्सरच्या 380 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तसा गट होता. काहींना मालिश केली, काहींच्या अंगावर नुसता हात ठेवला. लगेचचा आराम मालिशने जास्त मिळाला, पण नुसत्या हातानेही उतार पडला, आणि पुढच्या दिवसांत दोन्ही गटांत फरक राहिला नाही. आपल्या जिल्ह्यासाठी मला हाच निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. पगारी मालिशवाला मिळाला नाही म्हणून अडत नाही; घरातला हात उपयोगाचा आहे.

काही जण म्हणतील, आधी मॉर्फिनचे बघा. अगदी बरोबर. तीव्र वेदनेला औषधच लागते. मालिश त्याच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही. म्हणूनच ‘गाठ चोळून जिरवतो’ म्हणणाऱ्यांच्या दारात रुग्णाला कोणी नेऊ नये. गाठीवर कधीच दाब द्यायचा नाही. रेडिएशनचा शेक दिलेल्या कातडीवर, जखमेवर, केमोच्या नळीभोवती तेल लावायचे नाही. एकच पाय सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळणे जिवावर बेतेल. कॅन्सर हाडात उतरला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर जोर अजिबात नको. स्तनाच्या ऑपरेशननंतर सुजलेल्या हाताला शिकलेल्या फिजिओथेरपिस्टशिवाय कोणी हात घालू नये. इतके नियम आहेत म्हणूनच शिकवण्याची गरज आहे.

यासाठी नवी इमारत नको, यंत्र नको. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर (रुग्णाचा त्रास हलका करणारी सेवा) कार्यक्रम 2012 पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांत पॅलिएटिव्ह केअर कागदावर आहेच. केरळने 2008 साली धोरण आखले; तिथे नर्स व गावचे स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जातात. आपल्याकडे महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन, केमो, रेडिएशन होते; ते संपल्यावर खाटेवर पडून राहिलेल्या माणसाकडे कोणी वळू नये, हे मला मान्य नाही.

जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांना विनंती आहे: रुग्णाला सुट्टी देताना घरच्या एका माणसाला बसवून कुठे हात लावायचा, कुठे नाही, हे नर्सने करून दाखवावे. तेच आशाताईंना शिकवावे, म्हणजे घरभेटीत त्या पुढे शिकवतील. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे, ‘यांच्या अंगाला कुठे हात लावायचा नाही?’ बाकी ठिकाणी लावायला घाबरू नका.

— एक निवृत्त परिचारिका, साकोली (जि. भंडारा)