खाऱ्या पाण्याची परीक्षा

लोणारच्या माणसास खाऱ्या पाण्याचें अप्रूप नसतें. लवणासुराची कथा त्यानें बाळपणींच ऐकलेली असते, आणि विवराच्या कांठावर क्षणभर थांबून खालच्या तळ्याकडे पाहण्याची त्यास संवय असते. त्यामुळें यंदा आषाढाच्या आरंभीं समुद्रांतील मासे पाळण्यासाठीं आमच्या घरीं दोनशे लिटरांची काचेची टाकी आली, तेव्हां नातवानें विचारलेला पहिला प्रश्न साहजिकच होता : “आजोबा, खालीं एवढें खारें तळें असतांना मीठ विकत कशाला आणायचें?”

परंतु खारेपणा-खारेपणांत भेद आहे. समुद्राच्या पाण्यांत मुख्य अंश साध्या मिठाचा. त्याच्या जोडीस मॅग्नेशियम, चुना वगैरेंचे क्षार. सर्व मिळून लिटरास सुमारें ३५ ग्रॅम. आमच्या तळ्यांत मिठाबरोबर सोड्याचे क्षार पुष्कळ आहेत, व त्यामुळें तें पाणी तीव्र अल्कधर्मी झालें आहे. समुद्राचा सामू आठाच्या किंचित् वर असतो. तळ्याचा दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. तेथें कांहीं शेवाळीं आणि क्षारप्रिय सूक्ष्मजंतु सुखानें नांदतात. २०२० च्या जून महिन्यांत तळें गुलाबी झालें तें अशाच जंतूंमुळें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत दिसून आलें. समुद्राचा मासा मात्र तेथें जगावयाचा नाहीं. शिवाय तळें अभयारण्यांत आहे. तेथील पाणी घागरीनें घरीं आणणें योग्यही नव्हे. तेव्हां मीठ विकत आणलें.

शहरांतील एका दुकानदारानें सांगितलें होतें कीं, आठ दिवस पंप चालूं ठेवा, पाणी आपोआप तयार होतें. आठव्या दिवशीं पाणी इतकें निवळलें कीं टाकीमागच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंतलें तिथीचें बारीक अक्षर त्यांतून वाचतां यावें. दोन नारिंगी क्लाउनफिश आणले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते दोन्ही तळाशीं आडवे पडलेले आढळले. धाकटी नात दिवसभर कोणाशीं बोलली नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं, चातुर्मास नुकताच लागलेला असल्यामुळें, मला एवढेंच विचारलें कीं, “जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्यात, मग या पाण्याची कां नाहीं घेतलीत?” या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. तें शोधण्यांत पुढचे दोन महिने गेले. आणि हल्लीं पुष्कळ घरांतून अशा टाक्या दिसूं लागल्या आहेत, म्हणून तें येथें लिहितों.

माशाच्या कल्ल्यांतून, त्याच्या मलांतून आणि उरलेल्या अन्नांतून अमोनिया निर्माण होतो. समुद्रांत तो विरून जातो. टाकींत सांचतो, आणि डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं. सांचलेल्या अमोनियाचा कांहीं भाग विषारी असतो, कांहीं तितका नसतो. सामू जसा चढेल तसा विषारी भाग वाढतो. समुद्राच्या सामूस तो शंभरांत दहाहून कमी, तर आमच्या तळ्याच्या सामूस ऐंशींहून अधिक! (नातवाचा बेत अमलांत आला असता तर बिचारे मासे तीन दिवसही टिकले नसते.) एका प्रकारचे सूक्ष्मजंतु या अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. हें नायट्रेट त्या मानानें निरुपद्रवी असून पाणी बदलून कमी करतां येतें. दगडांवर व वाळूवर या दोन्ही जंतूंची पुरेशी वस्ती झाली, म्हणजे टाकीचें चक्र पूर्ण झालें असें म्हणतात.

ही वस्ती घाईनें होत नाहीं. १८७७ सालीं श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून सांडपाणी हळूहळू झिरपत ठेविलें. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. नंतर तो घटूं लागून नायट्रेट दिसूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ देतांच तें कार्य बंद पडलें, आणि यावरून तें सजीवांचें आहे हें ठरलें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीनें झूरिच येथें या दोन पायऱ्यांचे जंतु निरनिराळे असल्याचें दाखविलें. विरजणांतले जंतु रात्रींतून दुधाचें दहीं करितात. हे मात्र फार संथ, एकाचे दोन होण्यास यांना पुष्कळदां अर्धा-एक दिवस लागतो. तरी विरजणाची युक्ति येथेंही चालते. कोणाच्या जुन्या, निरोगी टाकींतला एखादा दगड मिळाला तर काळ पुष्कळ वांचतो. आम्हांस तो मिळाला नाहीं.

आतां परीक्षा. पाणी निवळलें ही खूण नव्हे, हें आम्हीं दोन जीव देऊन शिकलों. दिवस मोजणें हीही खूण नव्हे. चार ते सहा आठवडे हा केवळ अंदाज आहे. कांचेवर तपकिरी थर चढला म्हणजे पाणी पिकलें असें कोणी सांगतात. पण तें नव्या टाकींत येणारें एक प्रकारचें शेवाळ, त्याचा या चक्राशीं संबंध नाहीं. अमोनिया शून्य झाला तरी अर्धेंच काम झालें. नायट्रेट दिसलें म्हणून हुरळून जाऊं नये, कारण पाण्यांत नायट्राइट असतां नायट्रेटची तपासणी फसवी येते. आणि खाऱ्या पाण्यांत नायट्राइटची माशास बाधा गोड्या पाण्यापेक्षां बरीच कमी होत असली, तरी तें शिल्लक असणें म्हणजे दुसऱ्या पायरीचे जंतु अद्याप अपुरे आहेत, असाच अर्थ.

खरी परीक्षा अशी कीं, पाण्यास मुद्दाम अमोनिया द्यावा आणि चोवीस तासांनीं पाहावें. दशलक्ष भागांस दोन भाग दिलेला अमोनिया दुसऱ्या दिवशीं शून्य, आणि नायट्राइटही शून्य, तर टाकी उत्तीर्ण.

हा अमोनिया आणावा कोठून? पुस्तकांत कोळंबीचा तुकडा टाकीत कुजत ठेवावा असें असतें. तो उपाय आमच्या घरांत उच्चारण्याजोगाही नव्हता. नंतर ध्यानांत आलें कीं नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. कल्हईवाला तापल्या भांड्यांत टाकतो तोच. मात्र कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असें नाहीं, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचा आणविला. दोनशे लिटरांस सव्वा ग्रॅम घातला म्हणजे वर सांगितलेलें प्रमाण येतें. टाकींत मासा असतां हा प्रयोग कदापि करूं नये.

टाकी रिकामी करून, क्लोरीन नसलेल्या गाळीव पाण्यांत मीठ कालवून पुन्हां आरंभ केला. रोजची नोंद नातीनें एका वहींत ठेविली. नवव्या दिवशीं नायट्राइटचा गुलाबी रंग प्रथम उमटला. सतराव्या दिवशीं अमोनिया नाहींसा झाला, आणि घरांत मासे आणण्याची घाई सुरू झाली. गणपतीस पाहुणे येणार होते, तेव्हां रिकामी टाकी कशी दिसेल, असें सूनबाईंचें म्हणणें. नातीनें वही उघडून नायट्राइटचा रकाना दाखविला. पाहुण्यांनीं रिकामी टाकी पाहिली. नायट्राइट चौतिसाव्या दिवशीं शून्य झालें. पुन्हां सव्वा ग्रॅम नवसागर घातला. दुसऱ्या दिवशीं दोन्ही रकाने शून्य. तिसऱ्या दिवशीं तीच परीक्षा फिरून घेतली. तिला विश्वास नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर मलाही नव्हता.

त्यानंतर सांचलेलें नायट्रेट कमी करण्यासाठीं निम्में पाणी बदलून एकच मासा आणला. जंतूंची संख्या अन्नाच्या मानानें वाढते. एकदम सहा मासे सोडले तर वस्ती पुन्हां अपुरी पडते. दहा दिवसांनीं दुसरा आणला. वहीच्या त्या पानावर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असें लिहिलें असून खालीं नातीनें दोन्ही माशांचीं चित्रें काढलीं आहेत. तिसरा दिवाळीनंतर आणावयाचा आहे.