ससा की कासव?

काय दोस्तांनो, सायकलीची हवा तपासली का? नसेल तर आधी तपासून या, मी थांबतो.

आलात? बरं. गेल्या पंधरवड्यात लातूरहून एक पत्र आलं. आठवीतल्या मुलीचं. 'नाव छापू नका' या शब्दांखाली तिने दोन रेघा मारल्यात, म्हणून नाव सांगत नाही. तिच्या बाबांनी वाढदिवसाला तिला 'डबल शॉकर' सायकल घेऊन दिली. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, सीटखाली जाडजूड लाल स्प्रिंग. अख्खी गल्ली बघायला आली म्हणे! मग सुट्टीत चुलतभाऊ आला आणि म्हणाला, "ही कसली माऊंटन बाईक? नुसती स्प्रिंग चिकटवलीय." तेव्हापासून तिला त्या सायकलीकडे बघवत नाही, आणि बाबांना तसं सांगवतही नाही. शेवटी तिने विचारलंय, "काका, माझी सायकल खोटी आहे का?"

याचं उत्तर एका ओळीत देता येणार नाही. त्यासाठी आधी माझ्या भाच्याची फजिती सांगायला हवी. (त्याची परवानगी घेतलीय. एका मिसळीच्या बदल्यात.)

भाचेबुवा अकरावीत. दोन सुट्ट्या झेरॉक्सच्या दुकानात काम करून आणि आजीने दिवाळीला दिलेले पैसे साठवून त्यांनी एक जुनी फुल सस्पेन्शन माऊंटन बाईक घेतली. 42 हजारांना! नवी घ्यायची तर असल्या सायकली लाखाच्या पुढेच जातात. सायकल आली आणि आठवड्याभरात 'अपग्रेड'ची यादी तयार झाली. निळं हँडल, नारिंगी पेडल, त्याच रंगाच्या मुठी. हे सगळं घेऊनही झालं. मग यादीतली मोठी वस्तू उरली, ती म्हणजे 160 मिलिमीटरचा पुढचा फोर्क. सायकलीवर होता 120 मिलिमीटरचा. जास्त मिलिमीटर म्हणजे जास्त भारी, असा साधा हिशोब! आजी पुन्हा पैसे द्यायला तयार होती, दाजी मात्र "बास झालं आता!" म्हणून बसले होते. घरात तीन दिवस अबोला.

तेवढ्यात एका रविवारी मुळशीकडच्या डोंगरात, गुरांच्या वाटेवरून उतरताना सायकलीने भाच्याला घोड्यासारखं पाठीवरून फेकून दिलं. कोपर सोलवटलं, हेल्मेटला चीर गेली. डोकं शाबूत. घरी आल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय असावं? "बघ मामा, म्हणूनच मला मोठा फोर्क पाहिजे होता!"

मी सायकल बघायला बसलो. मागच्या शॉकच्या टोकाला एक लाल रंगाचं छोटं बटण होतं, फिरवायचं. त्याच्या एका बाजूला ससा काढलेला, दुसऱ्या बाजूला कासव. अशी चित्रं काही सायकलींवर खरंच असतात! बटण सशाच्या बाजूला पार शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच. ससा म्हणजे फास्ट ना?"

फास्ट खरं. पण काय फास्ट? इथेच सगळी गोम आहे.

समजा, तुम्ही एसटीत शेवटच्या सीटवर बसलात आणि खड्डा आला. पाटे दबले, तुम्ही खाली गेलात आणि मग टाळकं टपाला! आपण दोष देतो खड्ड्याला. पण टाळकं आपटतं ते गाडी वर उसळताना. स्प्रिंगचा स्वभावच तो. जेवढं दाबाल तेवढं ती परत देते. व्याजासकट नाही, पण मुद्दल जवळजवळ सगळं. मग ते परत आलेलं मुद्दल जिरवायचं कुणी?

दवाखान्याच्या किंवा ऑफिसच्या दाराला वरच्या कोपऱ्यात एक लोखंडी डबी आणि दुमडणारा दांडा असतो, पाहिलाय? दार ढकललं की आतली स्प्रिंग दबते. सोडलं की दार धाडकन आपटायला हवं, पण ते कसं अलगद लागतं. कारण त्या डबीत तेल असतं. ते बारीक भोकातून पलीकडे जायला वेळ घेतं आणि स्प्रिंगला घाई करू देत नाही. तेल गळून गेलं की तेच दार अख्खी इमारत हलवतं. चांगल्या सायकलीच्या शॉकमध्ये हेच असतं. एक स्प्रिंग (कधी पोलादी, कधी नुसती कोंडलेली हवा) आणि सोबत तेलाचा दट्ट्या. धक्क्याची ताकद तेलात जिरते, त्याची उष्णता होते. लांबलचक उतार उतरून शॉकला बोट लावलं तर तो कोमट लागतो.

घरी करून बघा. औषध पाजायची प्लॅस्टिकची सिरिंज घ्या, सुई नको. त्यात पाणी भरा. दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो. जोरात दाबला तर अडतो. आता पाण्याऐवजी गोडेतेल भरून बघा. (आईला विचारून. आणि फरशी नंतर तुम्हीच पुसायची.)

तर, ते लाल बटण म्हणजे तेलाचं भोक लहानमोठं करायचा नळ. कासवाकडे फिरवलं की शॉक हळू परततो, सशाकडे फिरवलं की झटकन. आमच्या सशाने दगडावरून उतरताना सीट फाडकन वर फेकली, आणि सीटबरोबर स्वारही.

पण एवढंच नव्हतं. त्या शॉकमध्ये हवेची स्प्रिंग होती, आणि हवा भरली होती आधीच्या मालकाने, स्वतःसाठी. तो गडी 85 किलोचा, भाचा 52 चा. ओळखीच्या एका सायकलवाल्याकडून शॉकचा पंप आणला. तो वेगळा असतो, लहान पण दणदणीत दाबाचा. आत निघाले 190 पीएसआय! आता हवा किती हवी, हे कसं ठरवायचं? सोपं आहे. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती खालपर्यंत सरकवायची, उड्या न मारता सायकलीवर अलगद बसायचं, तसंच अलगद उतरायचं आणि रिंग किती सरकली ते मोजायचं. आमचा शॉक एकूण 50 मिलिमीटर दबतो. नुसत्या वजनाने त्यातला साधारण पाव ते तीस टक्के भाग दबायला हवा, म्हणजे साडेबारा ते पंधरा मिलिमीटर. भाच्याची रिंग सरकली होती जेमतेम 7. हवा कमी करत करत 118 वर आलो, तेव्हा 14 भरले. लाल बटण मधोमध आणलं, मग एक टिचकी कासवाकडे.

(गणितवाल्यांसाठी एक प्रश्न. शॉक 50 मिलिमीटर दबतो, पण मागचं चाक 120 मिलिमीटर वर जातं. हे कसं? आठवा, तरफ!)

बसल्यावर थोडं दबायलाच का हवं? कारण चाकाला फक्त वर जायचं नसतं, खड्ड्यात खालीही जायचं असतं. सस्पेन्शन म्हणजे ढुंगणाला गादी, असं आपल्याला वाटतं. तो फायदा आहेच, पण वरकड. खरं काम म्हणजे टायर जमिनीला चिकटवून ठेवणं. हवेतल्या टायरला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येतं.

हे शर्यतवाल्यांनाही पटायला वेळ लागला बरं का! माऊंटन बाईकची सुरुवात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माऊंट टॅमलपायस डोंगरावर. तिथली तरुण पोरं 1970 नंतरच्या वर्षांत जुन्या जाडजूड सायकली घेऊन उतारावरून सुटायची. सस्पेन्शन नावालाही नाही. मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. 1976 साली त्याच भागात सुरू झालेल्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'! पुढे 1989 च्या सुमाराला पॉल टर्नरने आपला रॉकशॉक्स फोर्क बाजारात आणला. हा मोटारसायकलींच्या दुनियेतला माणूस. त्याचा फोर्क किती दबायचा? दोन इंचही नाही. 1990 साली डुरांगो इथल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने तो लावून उताराची शर्यत जिंकली. आता कळलं का 160 मिलिमीटरच्या हट्टाला मी का हसलो?

मागच्या चाकाला शॉक मात्र चढ-उताराच्या शर्यतीत बरीच वर्षं नकोसा होता. जड होतो, पाय मारताना ताकद खातो, ही तक्रार. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक देशाचा यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शन सायकलवर जिंकला, फक्त एका सेकंदाने! हरलेला स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर होता मागे शॉक नसलेल्या सायकलीवर. चार वर्षांनी रिओला शुर्टर आला तो फुल सस्पेन्शन घेऊन, आणि सुवर्णपदक जिंकून गेला. फक्त सायकलीमुळे जिंकला असं म्हणणं त्याच्या पायांवर अन्याय होईल. पण सायकल बदलली होती, हेही खरं.

आता तो 160 चा फोर्क. समजा, आम्ही तो लावला असता. सायकलीचं नाक 40 मिलिमीटर वर गेलं असतं. दर 20 मिलिमीटरला पुढचा कोन साधारण एक अंशाने कलतो, म्हणजे इथे दोन अंश. चढावर पुढचं चाक भरकटणार, पेडलची उंची बदलणार. आणि मुख्य म्हणजे फ्रेमच्या मानेवर कारखान्याने धरला नव्हता एवढा ताण येणार. किती लांबीचा फोर्क चालेल, ते बनवणारा लिहून देतो. त्यापुढे जायचं नाही. तिथे माझाही आवाज थोडा चढलाच.

भाचा गप्प. मग हळूच म्हणाला, "मग पैसे कशावर घालवू?"

टायरवर! त्याच्या पुढच्या टायरचे दात झिजून टकले झाले होते. दोन चांगले टायर, ब्रेकचे नवे पॅड, आणि राहिलेले पैसे शॉक आणि फोर्कच्या सर्व्हिसिंगला. फोर्कच्या खालच्या नळ्यांमधलं तेल दर 50 तास चालवल्यावर बदला असं रॉकशॉक्सवाले स्वतःच सांगतात, आणि याच्यातलं तेल आधीच्या मालकाने बहुधा कधीच बदललं नव्हतं. काढलं तेव्हा ते नाल्याच्या पाण्यासारखं होतं. पुढेमागे पैसे साठले तर सीट वरखाली करणारा दांडा घ्यायला माझी ना नाही. हँडलवरची कळ दाबली की सीट खाली, उतारावर शरीर मागे न्यायला मोकळी जागा! नारिंगी पेडलपेक्षा शंभरपट उपयोगी.

आई-बाबांनो, जरा तुमच्याशी. जुनी फुल सस्पेन्शन सायकल घेताना रंग बघू नका. सीट धरून मागची बाजू किंचित उचला. 'टक' असं जाणवलं तर सांध्यातली बेअरिंग गेलेली असू शकतात. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा, ओरखडा लागला तर तिथून तेल गळणार. वेल्डिंगजवळ केसाएवढी जरी रेघ दिसली तरी सरळ घरी या. आणि पावसाळ्यात चिखल काढायला गाडी धुण्याचा जोरदार फवारा सांध्यांवर मारू देऊ नका. पाणी आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. दर वर्षी सर्व्हिसिंगचा खर्च येईल, तो खरेदीच्या वेळीच धरून चाला. झेपत नसेल तर मागे शॉक नसलेली साधी, मजबूत सायकल घ्या. मुलाला काहीही कमी पडणार नाही.

आणि आता लातूरची माझी मैत्रीण. तुझा भाऊ अर्धा बरोबर आहे. तुझ्या सायकलीत बहुतेक स्प्रिंग आहे, तेल नाही. म्हणून ती उसळते, आणि चढावर पाय मारताना तुझी थोडी ताकद गिळते. तेव्हा दगडाधोंड्यांच्या उतारावर तिला नेऊ नकोस आणि उड्या अजिबात नकोत. असल्या कितीतरी सायकलींवर तशी सूचनाच चिकटवलेली असते, वाचून बघ. पण शाळा, शेताचा रस्ता, कालव्याकाठची कच्ची वाट, यासाठी ती खोटी कशी? मागच्या स्प्रिंगवर फिरणारी गोल चकती असेल तर सायकलवाल्या काकांकडून ती थोडी आवळून घे, डुलणं कमी होईल. मागच्या सांध्याचा बोल्ट, दोन्ही ब्रेक आणि हवा तपास. आणि पुढच्या वेळी भाऊ आला की त्याला विचार, "तुझ्या शॉकचं लाल बटण कुठे आहे रे, सशाकडे की कासवाकडे?" बघू काय सांगतो!

हो, भाच्याचं सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी गेलो तर घरातला अबोला संपलेला. हॉलमध्ये सायकल उभी, तिच्यावर दाजी बसलेले, एक हात भिंतीला, आणि भाचा खाली वाकून पट्टीने रिंग मोजतोय.

"21 मिलिमीटर! बाबा, तुमच्यासाठी हवा वाढवावी लागेल."

"किंवा जेवण कमी करावं लागेल," आतून ताई म्हणाली.