हळदीच्या गावात पानफुटीचा शोध

दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये तिसऱ्या धड्यात शाकीय प्रजनन आहे. बी नसताना खोडापासून, पानापासून नवं झाड कसं येतं ते त्यात सांगितलंय आणि उदाहरणं दिलीत बटाट्याच्या डोळ्यांची, पानफुटीच्या पानाची. उन्हाळी वर्गात माझ्या पुतणीला या धड्यावर गृहपाठ मिळाला. चित्रं चिकटवा, माहिती लिहा, आणि जमलं तर पानफुटी आणा. आमच्या गावात पानफुटी कुठली? माझ्या भावाने भर मे महिन्यात मोटारसायकल काढली, नांदेडच्या नर्सरीतून कुंडीसकट पानफुटी आणली आणि कडुनिंबाखाली ठेवून दिली. कुठे? हळदीच्या बेण्याच्या ढिगाला टेकवून. पाल्याखाली झाकलेल्या त्या ढिगात जेठ्या गड्ड्यांना बोटाच्या पेराएवढे कोंब फुटले होते. वसमत तालुक्यातलं घर, चार पिढ्या हळद लावणारं. काखेत कळसा आणि नांदेडला वळसा.

जूनमध्ये वह्या तपासून परत आल्या तेव्हा मी तिची वही मागून घेतली. अक्षर सुरेख, समास आखलेला, जास्वंदीच्या फुलाची आकृती गाईडावर कागद ठेवून गिरवलेली. एका उत्तराच्या शेवटी कंसात लिहिलं होतं, ‘आकृती मागील पानावर पाहा’. मागचं पान कोरं होतं. तिच्या दोन मैत्रिणींच्या वह्या पाहिल्या, त्यांतही तेच वाक्य, तोच कंस. गाईडात मागच्या पानावर आकृती आहे, वहीत नाही. पण वाक्य तिन्ही वह्यांत आलं आणि तिन्ही ठिकाणी त्यावर लाल शाईची बरोबरची खूण होती. खाली ‘छान’ आणि सही.

त्याच उत्तरात पोरीने शेवटी, गाईडात नसलेलं, जरा बारीक अक्षरात स्वतःच्या मनाने लिहिलं होतं: ‘हळद पण’. लाल खूण त्यावरूनही तशीच सरसर गेली होती. सरांनी तिथे ‘चूक’ लिहिलं असतं, ‘पुस्तकातलंच लिही’ म्हणून झापलं असतं, तरी मी त्यांचे पाय धरले असते. निदान कुणी वाचलं तरी असतं.

पोरं आळशी झाली, मोबाइलने बिघडली, हे रडगाणं मला कुणी ऐकवू नये. ही पोरं आळशी नाहीत. मान मोडेपर्यंत लिहितात, रात्री अकराला वही मिटतात. नक्कल करायला कमी कष्ट पडत नाहीत. फक्त त्या कष्टात डोकं लागत नाही, आणि डोकं लागू नये अशी सोय सगळ्यांनी मिळून केलेली आहे. सरांना तपासायला सोपं, शाळेला दाखवायला वह्या भरलेल्या, पालकांना पोर अभ्यास करतंय याचं समाधान, झेरॉक्सवाल्याचा धंदा. नेफ्रॉनचं चित्र पाहिजे? तयार आहे. हृदयाचा तक्ता? आहे. अख्खा प्रकल्प, मुखपृष्ठ आणि ऋणनिर्देशासह? फक्त नाव सांगा, टाकून देतो. मी ‘स्थानिक परिसरातील जैवविविधता’ या विषयावरचा असा एक प्रकल्प पाहिला. पोरगा कयाधूकाठचा. प्रकल्पात खारफुटीचं संवर्धन कसं करावं यावर दीड पान होतं. इथून समुद्र गाठायचा तर रात्र रेल्वेत काढावी लागते. पण प्रकल्पाला शेरा मिळाला ‘उत्तम निरीक्षण’. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे तर दळणाऱ्याला आणि खाणाऱ्याला दोघांनाही गुण आहेत.

गुणांचंही सांगून टाकतो. विज्ञानाच्या शंभरांपैकी भाग 1 चे 40, भाग 2 चे 40, उरलेले 20 प्रात्यक्षिक आणि अंतर्गत. हे 20 खरं तर हाताने करायच्या, डोळ्यांनी बघायच्या कामाचे. प्रत्यक्षात ते खिरापतीसारखे वाटले जातात, कारण कमी दिले तर शाळेचा निकाल खाली येतो. मग प्रयोगवही कुणी मनापासून का लिहावी? सरकारलाही वहीची काळजी नाही असं नाही. 2023-24 पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच कोरी पानं शिवून दिली होती, 2025 मध्ये ती काढूनही टाकली. त्या पानांवर पोराने स्वतःचं काय लिहावं, हा प्रश्न शिवतानाही कुणाला पडला नव्हता आणि काढतानाही नाही.

आता हळदीच्या बेण्याच्या त्या ढिगातला एक गड्डा हातात घ्या. हळदीला फूल येतं. भाद्रपद-आश्विनात पानांच्या बेचक्यातून फिकट कणीस वर येतं, आमच्याकडच्या प्रत्येक पोराने ते पाहिलेलं असतं. पण बी धरत नाही. का? याचं उत्तर त्याच पुस्तकात, एक धडा अलीकडे आहे. अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि मग त्या वेगळ्या होतात, हे पोरं घोकतात. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत, 21 चे तीन, एकूण 63. जोड्या लावायच्या आणि संच तीन. हिशोब जमत नाही, युग्मकं धड तयार होत नाहीत, बी येत नाही. म्हणून तर पिढ्यान् पिढ्या बेणं राखून ठेवायचं, सावलीत झाकायचं, शेजाऱ्याकडून उसनं आणायचं. आणि म्हणूनच सेलम जातीच्या हळदीचं सबंध शिवार ही एकाच झाडाची नक्कल असते. त्यात विचरण जवळजवळ नाहीच. पावसाचं पाणी वावरात तुंबलं आणि कंदकूज शिरली की एक झाड वाचलं नि दुसरं मेलं असं फारसं होत नाही, पट्टेच्या पट्टे बसतात. रोगट बेणं ठेवलं तर पुढच्या साली रोग आपणच लावतो. आनुवंशिकता, पेशीविभाजन, प्रजनन, सूक्ष्मजीव, चार धडे एका गड्ड्यात आहेत. शिवाय फुकट आहे, आणि नांदेडला जावं लागत नाही.

गृहपाठच द्यायचा तर असा द्या ना. एक कच्चं हळकुंड आणि एक शिजवलेलं, दोन्ही ओल्या मातीत घाला आणि दर रविवारी काय दिसलं ते तारीख टाकून लिहा. एकाला कोंब आला, दुसऱ्याला का नाही? याचं उत्तर कुठल्याही गाईडात कंसासकट मिळणार नाही. सोयाबीन दीड महिन्याचं झालं की एक झाड मुळासकट हळूच उपटा, गाठी मोजा, नखाने एक फोडा. आत गुलाबी निघाली तर गाठ कामाला लागलीय, नत्र बांधतेय. ज्याने बियाण्याला रायझोबियम लावलं त्याच्या आणि ज्याने लावलं नाही त्याच्या वावरातल्या गाठी मोजून शेजारी शेजारी मांडा. तीस पोरांच्या तीस वह्यांत तीस वेगळे आकडे येतील. तपासायला त्रास होईल, हे खरं आहे. तेवढ्याचसाठी कुणी देत नाही.

हळदीबद्दल आणखी एक गोष्ट आमच्या पोरांना कुणी सांगत नाही. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून येते यावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या संशोधन परिषदेचे प्रमुख होते. त्यांनी त्याला आव्हान देऊन 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. पण त्यासाठी आजीच्या हातावरची हळद पुरावा म्हणून चालली नाही, लिहिलेलं, छापलेलं दाखवावं लागलं, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध धुंडाळावे लागले. जे पाहिलं ते लिहून ठेवणं याची किंमत काय, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही बॅनर लावले. वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झालं तेव्हाही लावले. आणि वहीत पानफुटी.

इथे काही मंडळी खूश होऊन म्हणतील, बघा, शेतकऱ्याच्या पोराला सगळं आधीच माहीत असतं, शाळा त्याला अडाणी करते. हे गोड बोलणं मला शहरातल्या वाचकांकडून फार ऐकायला मिळतं आणि ते साफ खोटं आहे. 2023 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन पिवळा मोझॅकने पिवळं पडलं. हा विषाणू, तो पसरवते पांढरी माशी. झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारं औषध नाही. रोगट झाड सुरुवातीलाच उपटून टाकायचं आणि माशी आवरायची, एवढंच हातात असतं. आमच्याकडे लोकांनी काय केलं? कुणी युरिया टाकला, कुणी दुकानातून बुरशीनाशक आणून फवारलं. विषाणूवर बुरशीनाशक! यातले बरेचजण दहावी पास, विषाणू आणि बुरशी यांतला फरक तक्ता आखून लिहिलेले, त्यावर दोन गुण घेतलेले. शेतात तो तक्ता कुणाला आठवला नाही, कारण तक्त्याचा आणि पानाचा संबंध आहे हेच कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या फवारणीचा खर्च मी जीवशास्त्राच्या गृहपाठाच्या खात्यात मांडतो. बापाला कंदकूज ओळखता येते पण ती का होते ते सांगता येत नाही, पोराला बुरशीची व्याख्या येते पण कंदकूज तिच्यामुळे होते हे सुचत नाही. एका घरात दोघं शेजारी झोपतात आणि ज्ञान मधल्या भिंतीला टेकून उभं राहतं.

शिक्षकांची बाजू मला माहीत आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, रिकाम्या जागा. एकेका शिक्षकावर विज्ञान, गणित आणि वर शालेय पोषण आहाराचा हिशोब. हे सगळं खरं आहे आणि याबद्दल सरकारला जितकं झोडावं तितकं कमी. पण ‘आमच्याकडे प्रयोगशाळा नाही’ हे कारण मी ऐकून घेणार नाही. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद आहे, ठीक. मुळावरची गाठ बघायला तो लागत नाही. आणि हे जमत नाही असंही नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 साली 16 उच्च प्राथमिक शाळांत पोरांनी स्वतः प्रयोग करून, शेतात-रानात हिंडून विज्ञान शिकायचा उपक्रम सुरू झाला. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, कारण उत्तर पुस्तकात सापडणारच नव्हतं. खेड्यातल्या साध्या शाळांत तो तीस वर्षं चालला. 2002 मध्ये बंद पडला तो पोरांना झेपला नाही म्हणून नव्हे, सरकारने बंद केला.

आमच्या शेजारच्या औंढा तालुक्यात लायगो वेधशाळा येतेय. 2023 मध्ये केंद्राने 2600 कोटी मंजूर केले. अवकाशातून येणारी अतिसूक्ष्म थरथर तिथे मोजली जाणार. मला त्याचा अभिमानच आहे. पण त्या प्रकल्पाला जो माणूस लागतो, तो अगोदर कुठेतरी मुळावरच्या गाठी मोजून, आकडा जुळत नाही म्हणून पुन्हा मोजणारा पोरगा असावा लागतो. आमचा पोरगा खारफुटीवर दीड पान लिहितोय.

पालकांना एकच सांगणं आहे. पुढच्या पालक सभेला जाल तेव्हा बाक, पंखे, गणवेश यांच्यावर बोलून झालं की पोराची विज्ञानाची वही सरांसमोर ठेवा आणि विचारा, यातलं कोणतं उत्तर तुम्ही वाचलंत? आणि सरांनी उलट विचारलं, तुम्ही कोणतं वाचलंत, तर तेही बरोबरच आहे, त्याचंही उत्तर घेऊन जा. वहीवर पालकांची सही आपणच करतो. पोराने स्वतः पाहिलेली एकही गोष्ट ज्या पानावर नाही, त्या पानावर यंदा सही करू नका.