झिंगा, पास्ता आणि अम्मींचं ताट

शाळा सुटते पाचला. शहागंजच्या बाजारातून वाट काढत, टॉवरजवळच्या रिक्षांच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत पावणेसहा होतात. मग चहा, मुलांचा अभ्यास, मगरिबची नमाज. मगरिब ते इशा या सव्वा तासात स्वयंपाक उरकायचा असतो. नोकरी करणाऱ्या प्रत्येक बहिणीला हा सव्वा तास ठाऊक आहे. म्हणून झटपट होणाऱ्या पदार्थांकडे आपलं लक्ष असतं, आणि झिंग्याचा पास्ता त्यातला एक. कृती सांगणारच आहोत. पण त्याआधी आमची एक चूक सांगायची आहे, कारण ती कृतीचाच भाग आहे.

आमचं माहेर दापोलीकडचं. शाफई घराणं, दारात समुद्र. कोळंबी, सोडे, जवळा यांच्यावर आम्ही वाढलो. लग्न होऊन शहागंजात आलो ते हनफी घरात. पहिल्याच आठवड्यात आम्ही मोठ्या हौसेनं विचारलं, इथे कोळंबी कुठे मिळते? सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, हसून सांगितलं, "हमारे यां झिंगा नक्को, बेटा." त्यात राग नव्हता. या घरात जे चालत आलं होतं ते त्यांनी सांगितलं, इतकंच. आम्हीही मान्य केलं. कोळंबी माहेरी खायची, सासरी नाही. अशी कितीतरी वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात आमच्या धाकटीनं मैत्रिणीच्या घरी झिंग्याचा पास्ता खाल्ला आणि आठवडाभर तेच पालुपद लावलं. एका शनिवारी आम्ही मनावर घेतलं. दुकानात जाऊन पास्त्याच्या पाकिटावरचा मजकूर वाचला. चीजवर हिरवा ठिपका आहे ना, ते पाहिलं. तयार सॉसच्या बाटलीत वाईन नाही ना, याची खात्री केली. घरी येऊन एकाच मोठ्या कढईत सगळं एकत्र केलं आणि दस्तरखान मांडला. मुलं तुटून पडली. आमचे हे लग्नानंतर दापोलीला जाऊन जाऊन झिंगा खायला शिकलेले, त्यांनीही दोनदा घेतलं. अम्मी म्हणाल्या, "मेरे कू भूक नहीं आज."

रात्री दहाला पाणी प्यायला उठलो, तर अम्मी स्वयंपाकघरात चहात टोस्ट बुडवून खात होत्या. आम्ही नुसते उभे राहिलो. त्याच म्हणाल्या, "बच्चे खुशी से खा रे थे. मैं कायकू बोलूँ?"

पाकिटावरचं प्रत्येक अक्षर आम्ही वाचलं होतं. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मात्र विचारलं नव्हतं. पदार्थाचं नाव नवं होतं, म्हणून त्यात जुनाच झिंगा आहे हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

या झिंग्याचा वाद काय आहे, तो मुलांनाही सोप्या शब्दांत समजावून सांगावा. समुद्रातली शिकार आणि तिथलं अन्न हलाल असल्याचं कुरआनच्या सूरह माइदामध्ये आलं आहे. शाफई मसलकात पाण्यातल्या जिवांबाबत सवलत मोठी आहे, म्हणून कोकणात कोळंबी बिनदिक्कत शिजते. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की झिंगा मासा आहे का? अरबीच्या जुन्या जाणकारांनी त्याला माशांत धरलं. प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या अल्लामा दमीरींनी त्याचं वर्णन लहान मासा असंच केलं आहे. त्या आधारावर बरेच हनफी उलमा तो जायज मानतात. दुसरे म्हणतात, याला ना पाठीचा कणा, ना खवले, हा मासा कसा? म्हणून ते टाळायला सांगतात. आजचं प्राणिशास्त्रही झिंग्याला माशांत न धरता खेकड्याच्या कुळात धरतं. 2018 च्या जानेवारीत हैदराबादच्या जामिया निजामियानं झिंगा मकरूह तहरीमी असल्याचा फतवा दिल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादच्या शब्दाला आमच्या गल्लीत अजून वजन आहे. त्या दिवसांत घरोघरी हीच चर्चा होती.

यात कोण बरोबर, ते ठरवायला आम्ही मुफ्ती नाही. तुम्ही आपापल्या आलिमांना विचारा. पण एक हदीस आम्हाला त्या रात्री आठवली. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी घोरपडीसारख्या एका वाळवंटी प्राण्याचं भाजलेलं मांस समोर आलं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितलं, पण आमच्या लोकांच्या भूमीत हे नसतं, म्हणून मन घेत नाही, असं कारण दिलं. त्याच दस्तरखानावर हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ते खाल्लं आणि प्रेषित (स.) पाहत राहिले. एकानं खाल्लं, एकानं खाल्लं नाही, आणि दस्तरखान एकच राहिला. आमच्या घरी मात्र दस्तरखान एक असूनही एक माणूस उपाशी उठला.

सकाळी आम्ही आईला फोन केला. तिनं आठवण करून दिली, "तुझ्या लग्नात व्याही येणार म्हटल्यावर मी पहिला प्रश्न काय विचारला होता?" तिनं विचारलं होतं, तुमच्याकडे कोळंबी चालते का? नाही म्हटल्यावर तिनं त्या दिवशी घरात कोळंबीच आणली नव्हती. दारात समुद्र असून! मटण आणि डाळीवर लग्न झालं.

मग अम्मींजवळ बसून विचारलं, घरात झिंगा शिजूच नये का? त्या म्हणाल्या, तुम्ही खा, तुमच्यात चालतो, मुलांनाही आवडतो. फक्त माझ्या ताटाला त्याचा हात लागू नये. म्हणून आता आमची पद्धत बदलली आहे. पास्ता आणि सॉस एका कढईत, झिंगा दुसऱ्या तव्यात, पळ्या दोन, आणि पहिलं ताट अम्मींचं. यात वेळ वाढत नाही, फक्त एक भांडं जास्त घासावं लागतं.

आता कृती. पाच माणसांसाठी पास्ता 400 ग्रॅम. झिंगा डोक्यासकट पाऊण किलो घ्या, साफ केल्यावर साधारण निम्मा उरतो. शिवाय सहा पिकलेले टोमॅटो, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, तीन-चार सुक्या लाल मिरच्या, एक लिंबू, मूठभर कोथिंबीर, तेल आणि थोडं लोणी.

आपलं शहर समुद्रापासून लांब, इथे येणारा झिंगा बर्फातून येतो. काही मुंबईकडून, काही आंध्रच्या तलावांतला. आंध्र प्रदेशात झिंग्याची शेती मोठी आहे. आज बाजारात दिसणारा बराचसा झिंगा वनामी जातीचा असतो. ही मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची जात, आपल्याकडे 2009 पासून तिच्या शेतीला परवानगी मिळाली. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हाही तलावातला माल येत राहतो. घेताना कवच चमकतं का पाहा, डोकं घट्ट चिकटलेलं हवं, आणि वास समुद्राचा असावा. अमोनियासारखा उग्र दर्प आला तर दर कितीही कमी असो, पुढे चला. गोठवलेलं पाकीट आणलं असेल तर बंद पिशवी गार पाण्यात अर्धा तास ठेवा. उन्हात किंवा गरम पाण्यात नको, आणि एकदा सुटलेला बर्फ पुन्हा जमवू नका.

झिंगा सोलून पाठीवर चीर द्या आणि काळा धागा काढा. ती त्याची आतडी असते, राहिली तर दाताखाली रेती येते. हळद, मीठ आणि थोडी तिखटपूड लावून ठेवा. लिंबू आत्ता पिळू नका. आंबटानं झिंगा आधीच आवळून येतो आणि मग कडक होतो.

मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी उकळा, दीड मोठा चमचा मीठ घाला, मग पास्ता सोडा. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी काढा. तो अजून सॉसमध्ये शिजायचा असतो. निथळण्याआधी त्याचं एक मोठी वाटी पाणी बाजूला ठेवायला विसरू नका. पास्त्यातली पिठूळ खळ त्यात उतरलेली असते, तिनंच सॉस दाट होतो आणि पास्त्याला धरून राहतो. सायीची गरज पडत नाही.

पास्ता शिजतो तोवर कढईत तेल घेऊन मंद आचेवर लसूण परता. तो करपला की सगळा पदार्थ कडू, म्हणून सोनेरी होण्याआधीच मिरची आणि चिरलेले टोमॅटो घाला. दहा मिनिटांत टोमॅटो गळतात. पाश्चात्त्य कृतीत इथे पांढरी वाईन ओततात. ती आपल्यासाठी नाहीच, आणि चवीलाही तिची गरज नाही. तिथे हवा असतो हलका आंबटपणा, तो टोमॅटो आणि शेवटी पिळलेलं लिंबू देतं. आता पास्ता आणि त्याचं पाणी घालून दोन मिनिटं हलवा, वर कोथिंबीर आणि लिंबू. अम्मींचं ताट इथे भरून बाजूला ठेवा. त्यावर त्या भाजलेले शेंगदाणे मागतात. तेही छान लागतात!

आता दुसरा तवा चांगला तापवा, लोणी आणि तेल घाला, झिंगा एका थरात पसरा. एका बाजूला दीड मिनिट, दुसऱ्या बाजूला एक मिनिट. गर्दी करू नका, नाहीतर पाणी सुटून तो उकडला जातो. खूण सोपी आहे. झिंगा चंद्रकोरीसारखा वळला आणि पांढरट गुलाबी झाला की शिजला. पूर्ण गोल वेटोळं झालं की रबर. हा झिंगा उरलेल्या पास्त्यात मिसळा आणि लगेच वाढा. त्यावर चीज घालायचा आग्रह नको, इटलीतही समुद्री पास्त्यावर बहुधा चीज घालत नाहीत. मुलांनी हट्टच धरला तर पाकीट वाचून घ्या, कारण अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. हिरवा ठिपका असलेलं घेतलं की शंका उरत नाही.

एक सावधगिरी. काहींना झिंग्याची अ‍ॅलर्जी असते. अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वासाला त्रास असं काही झालं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. मुलांना पहिल्यांदा देताना एखादाच तुकडा द्या.

पास्ता परका वाटत असेल तर ही माहिती मुलांना जरूर सांगा. बाराव्या शतकात अल-इद्रीसी नावाचे मुस्लिम भूगोलकार सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारी होते. 1154 मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद केली आहे. तिथे इत्रिया, म्हणजे शेवयांसारखा पदार्थ, मोठ्या प्रमाणावर बनतो आणि मुस्लिम व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जहाजांनी जातो, असं ते लिहितात. इटलीतल्या सुक्या पास्त्याच्या जुन्या नोंदींपैकी ही एक. आणि पास्त्याचा रवा ज्या ड्युरम गव्हाचा, त्याच जातीचा आपला बन्सी गहू. शीरखुर्म्याच्या शेवयांचा हा जरा दूरचा नातेवाईकच म्हणा.

अम्मींना आम्ही हे सांगितलं. त्यांनी ताटातला पास्ता काट्यानं उचलून पाहिला आणि निकाल दिला, "शेवय्या है तो ठीक है, मगर कच्ची रह गई. और दो मिनट पकाना था." तेव्हापासून त्यांच्या वाट्याचा पास्ता आम्ही दोन मिनिटं जास्त शिजवतो. शनिवारी आता पाचही ताटं एकदमच भरतात, आणि रात्री चहाटोस्टला कुणी उठत नाही.

तुमच्या घरीही कुणी झिंगा खात नसेल, कुणाला वांगं सोसत नसेल, कुणाला डॉक्टरांनी मीठ बंद केलं असेल. नवा पदार्थ करायचा ठरला की सामान आणण्याआधी त्यांना एकदा विचारा. कधीकधी माणसं स्वतःहून बोलत नाहीत. भूक नाही म्हणून उठून जातात.