तारेची गाठ

आकाशकंदील टांगायचा म्हणून परवा मी आवारातल्या आंब्यापाशी गेलो आणि जागीच थबकलो. चार वर्षांपूर्वी गॅलरीच्या कठड्यापासून या आंब्यापर्यंत मीच एक तार ओढली होती. बुंध्याला दोन वेढे देऊन अशी घट्ट गाठ मारली होती, की शेजारच्या काकांनीसुद्धा शाबासकी दिली! तार तशीच राहिली. झाड मात्र वाढले. आता ती सालीत पार रुतली आहे आणि तिच्या वरच्या बाजूस बुंधा सुजला आहे.

"पानं तर हिरवीगार आहेत की!" मी म्हणालो.

"ती राहणारच, बाबा," विज्ञान शाखेत शिकणारी आमची कन्या म्हणाली, "पाणी आतल्या लाकडातून वर चढतं. पानांनी केलेली साखर सालीतून खाली उतरते. तिची वाट तुम्ही अडवलीत!"

मराठी शिकवणाऱ्या बापाला घरातच असा धडा मिळाला, की ग्रंथालय गाठण्यावाचून गत्यंतर नसते. तेथे कळले ते मौजेचे होते. देहातली ही वाहतूक माणसाला उमगली, तीही वाट अडवूनच!

रक्त तपासायला गेल्यावर आपल्या दंडाला पट्टी आवळतात, तशीच ती इंग्लंडच्या विल्यम हार्वे या वैद्याने आवळून पाहिली. पट्टीखालच्या शिरा फुगल्या. म्हणजे शिरांतले रक्त हृदयाकडे परतत असले पाहिजे! रक्त हृदयातून निघते आणि फिरून हृदयातच येते, हे त्याने १६२८ साली ग्रंथ लिहून सांगितले. पण धमन्यांतून ते शिरांत शिरते कसे, हे काही त्याला दिसले नाही. त्याच साली इटलीत मार्चेल्लो माल्पिगी जन्मला. १६६१ मध्ये त्याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरे झाले. हार्वे मात्र १६५७ सालीच वारला होता.

पुढे याच माल्पिगीने झाडाच्या सालीचे एक कडे काढून पाहिले. कड्याच्या वरची बाजू सुजली. अगदी आमच्या आंब्यासारखी!

आपले हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. ते थांबले, तर क्षणात कळते. झाडाला हृदय नाही. पानांतले पाणी वाफ होऊन उडते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असल्यामुळे मागची सारी धार मुळांपासून वर ओढली जाते. म्हणून साल आवळली, तरी पाने काही काळ टवटवीत दिसतात. उपाशी राहतात ती मुळे. त्यांची साठवलेली शिदोरी संपली, की पाणी पुरवायला कोणी उरत नाही. मग आपण म्हणतो, "झाड एकाएकी कसं हो वाळलं?"

माळीबुवांना बोलावले. त्यांनी दिसली तेथे तार कापली. रुतलेली मात्र ओढू दिली नाही. "ओढाल तर उरलीसुरली सालबी फाटंल," म्हणाले. झाड सावरते की नाही, ते पुढच्या पावसाळ्यात दिसेल.

यंदा आमचा कंदील गॅलरीतल्या खिळ्यालाच टांगला आहे. वाचकहो, तुम्ही झाडाला दिव्यांची माळ गुंडाळणार असाल, तर खुशाल गुंडाळा. फक्त दिवाळी सरली, की कंदिलाबरोबर तारही आठवणीने सोडा!