कमी खा, पण कोणी?

आहाराची चर्चा आपल्याकडे दोनच ठिकाणी होते. एक दवाखान्यात आणि दुसरी देवघरापाशी. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, "मटण बंद करा, तूप-लोणी बेताने घ्या." देवघरापाशी वडीलधारी माणसे सांगतात, "आज वार आहे, आज खायचे नाही." दोन्हीकडून उपदेश एकच : कमी खा. पण एकामागे शरीराचा विचार आहे आणि दुसऱ्यामागे सोवळ्याचा. या दोहोंची गल्लत झाली की आरोग्याचा प्रश्न बाजूला राहतो आणि ज्याच्या ताटात आधीच काही नाही त्याच्याच ताटाकडे बोट दाखवले जाते. म्हणून या प्रश्नाचा थोडा स्वच्छ विचार व्हावा, असे वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारणीभूत ठरते, असे जाहीर केले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. बकऱ्याचे मटण ज्यात मोडते त्या लाल मांसाला 'बहुधा कारणीभूत' अशा वर्गात घातले गेले. लोणी, तूप, चीज आणि चरबीदार मटण यांच्यातील स्निग्धांश रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतो, हेही आता सर्वमान्य आहे.

मग हा सल्ला कोणासाठी? मित्रहो, तो प्रथम आपल्यासाठी आहे. मंगळवेढ्याकडच्या ज्या गावातून मी आलो तेथे मटण म्हणजे जत्रा, नाही तर पाहुणा. किलोभर मटणात सारी भावकी जेवायची. रस्सा पातेलेभर, फोडी मोजक्या. त्या रश्श्यात ज्वारीची भाकरी कुस्करली की पोट भरायचे. म्हणजे ताटात खरी सत्ता ज्वारीची होती आणि मटण पाहुण्यासारखे येऊन जात होते. शहरात आल्यावर हे उलटे झाले. संध्याकाळी गाड्यावर तळलेले चिकन, पावभाजीवर लोण्याचा गोळा, वाढदिवसाला चीज घातलेला पिझ्झा. हातात चार पैसे खेळू लागले की पहिला बदल ताटात होतो. भाकरी आणि उसळ गरिबीची खूण वाटू लागते. ज्यांच्या घरात पैसा नुकताच येऊ लागला आहे, त्या आमच्यासारख्यांना ही भूल अधिक लवकर पडते.

पण याच गावात दुसरे ताट आहे आणि ते आईचे आहे. आमच्या घरी दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर जाते, फॅट लागते, दहा दिवसांनी पगार होतो. घरात उरते ते चहापुरते. मटण शिजते त्या दिवशी आई सर्वांत शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला तळाचा रस्सा येतो. हे आमच्याच घरचे वैशिष्ट्य नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, रक्तक्षयाने पीडित होत्या. या स्त्रियांनी काय कमी करायचे? 'मांस आणि दूध कमी खा' हे वाक्य त्यांना ऐकवणे ही क्रूर थट्टा ठरेल. लहान मुलांचेही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवून ते लोकसहभागातून द्यावे, असे शाळांना सांगण्यात आले. आठवड्याचे एक अंडे ज्या मुलाला जड नव्हते, ते तिजोरीला का जड व्हावे?

दुसरा प्रश्न असा की, मटण कमी केल्यावर त्या जागी काय घ्यायचे? आपल्याकडे उपवासाला मटण जाते आणि साबुदाणा, बटाटा येतो! २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि त्यात पॉलिश केलेला तांदूळ, पीठ आणि साखर यांचा भरणा मोठा आहे. मधुमेहाचे एक मूळ तेथे आहे. तेव्हा मटणाच्या जागी भाताचा ढीग हा काही उपाय नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचवलेल्या २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर आहे. म्हणजे दूध वर्ज्य नाही, त्याला मर्यादा आहे. आणि डाळ-भाजीला आपण देतो त्याहून कितीतरी मोठा मान आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, शेंगांची चटणी ही सारी आपल्या मुलखातीलच नावे आहेत. मात्र बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. सारेच सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते औषधरूपाने घेतले पाहिजे.

शेवटी थोडे कटू, पण आवश्यक. खोली भाड्याने मागताना पहिला प्रश्न येतो, "खाता का?" डब्यात काय आहे त्यावरून शेजारी कोणी बसायचे ते ठरते. हा आरोग्याचा विचार नव्हे. जातीने घातलेला तो आरोग्याचा बुरखा आहे. ज्याला मटण परवडत नाही तो सुकटीची चटणी भाकरीवर घेतो. काट्यासकट खाल्लेल्या त्या सुकटीत प्रथिने असतात, कॅल्शियम असते. तिच्या वासाला नाक मुरडणाऱ्याने आपल्या ताटातील तळलेले पनीर आणि साखरेचा चहा आधी तपासावा. रक्तातील चरबी माणसाची जात विचारून वाढत नाही.

आपण सुशिक्षित होऊ पाहणाऱ्या तरुणांनी दोन गोष्टी तरी कराव्यात. आपल्या उपाहारगृहात वडा-पावच्या जोडीला उसळ-भाकरी मिळावी अशी मागणी करावी आणि मिळू लागली की ती लाज न बाळगता खावी. आणि सुटीत घरी गेल्यावर, ज्या दिवशी मटण शिजेल किंवा दूध तापेल, त्या दिवशी पहिले ताट आईला वाढावे. कमी खाण्याचा सल्ला ज्यांना लागू आहे ते आपण आहोत. तो आपण पाळला, तर जे वाचेल ते कोणाच्या पानात पडावे हे ठरवणेही आपल्याच हाती आहे.